जबड्याचे अँगल आणि जबड्याचं ऑपरेशन: सारखे येणारे प्रश्न

माझं दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून मेसेज यायचे थांबलेच नाहीत. बहुतेकांची सुरुवात आकड्यानेच होते, "माझा एएनबी इतका आलाय, आता काय?" (एएनबी म्हणजे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या किती पुढे-मागे आहेत ते सांगणारा कोन, प्रश्न २ बघा.) तेच तेच परत टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, फक्त जरा जास्तच वाचणारा पेशंट. प्रश्नांना नंबर दिलेत, कारण उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

१. जबड्याचा अँगल म्हणजे नेमका कुठला? प्रत्येक जण वेगळंच काहीतरी सांगतो.

कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. एक म्हणजे कानाखाली जबडा वळतो तो कोपरा, कानाच्या पाळीखालून बोट हाडावरून खाली आणा, जिथे हाड पुढे वळतं तोच. त्याला गोनियल अँगल म्हणतात, मोठ्या माणसात साधारण १२० ते १३० अंश, आणि जॉलाइन कशी दिसते ते बरंचसं ह्यावर असल्यामुळे नेटवर सगळी चर्चा ह्याचीच. दुसरे अँगल सांगतात की कवटीच्या हिशोबाने वरचा जबडा किती पुढे आहे, खालचा किती पुढे आहे आणि दोघांचं आपसात जुळतंय का. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे ब्रेसेस लावणारे डॉक्टर, बोलतात ते ह्या दुसऱ्या प्रकाराबद्दल. जॉलाइन एकदम झकास आणि पुढचे दात मात्र एकमेकांना टेकतच नाहीत, असं असू शकतं.

२. रिपोर्टवर एसएनए ८२, एसएनबी ७६, एएनबी ६ असं लिहिलंय. सोप्या भाषेत काय ते सांगाल का?

चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे असतो, सेफॅलोग्राम. त्यात डोकं एका चौकटीत धरलेलं असतं, कानात दोन दांड्या घालतात, म्हणजे दर वेळी डोकं त्याच जागी राहतं. ही पद्धत १९३१ पासून आहे, अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ ह्या दोघांनी वेगवेगळी मांडली.

त्या एक्स-रेवर ठिपके मांडतात. एस म्हणजे सेला, कवटीच्या तळातला तो खळगा जिथे पिट्युटरी ग्रंथी बसते. एन म्हणजे नेझियन, नाकाच्या मुळाशी कपाळाचं आणि नाकाचं हाड मिळतं ती जागा. ए हा वरच्या जबड्याच्या हाडाला पुढून जो बाक असतो त्यातला सगळ्यात आतला ठिपका, आणि बी तसाच खालच्या जबड्यावरचा. आता एस ते एन रेघ मारायची, एनपासून ए आणि बीकडे दोन रेघा खाली सोडायच्या, झाले अँगल. एसएनए वरच्या जबड्याचा, सरासरी ८२, एसएनबी खालच्याचा, सरासरी ८०, आणि दोघांतला फरक म्हणजे एएनबी, सरासरी २. हे आकडे स्टाइनर नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या १९५३ च्या पद्धतीतले, अजूनही चालतात.

तुमच्या रिपोर्टचा अर्थ, वरचा जबडा जागेवर, खालचा मागे. एएनबी मोठा असेल तर खालचा मागे किंवा वरचा पुढे, शून्याखाली गेला तर उलटं.

३. एएनबी ६ म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल ना?

नाही. आणि एएनबी ३ आहे म्हणून लागणारच नाही असंही नाही.

आकडा हे मोजमाप आहे, निर्णय नाही. निर्णय घेताना बघतात की दात एकमेकांवर बसतात का, चावता येतं का, ओठ सहज मिटतात का, श्वास कसा आहे, चेहरा समोरून आणि बाजूने कसा दिसतो, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला कशाचा त्रास होतोय. एएनबी ७ असलेली माणसं आयुष्यभर काही न करता मजेत जगतात, आणि त्यात चूक काहीच नाही. दुसरीकडे ओपन बाइटवाल्याचा एएनबी अगदी नॉर्मल, पण साधा दोरा पुढच्या दातांनी तोडता येत नाही, कारण वरचे आणि खालचे दात भेटतच नाहीत.

४. दोन ठिकाणी एक्स-रे काढले, एकीकडे एएनबी उणे १ आला, दुसरीकडे उणे ३. कोण खरं?

बहुतेक दोघंही. माझ्याच बाबतीत झालंय हे, आणि तेव्हा मी रात्रभर जागून कुठल्या डॉक्टरांना ठिपके मांडता येत नाहीत ह्याचा शोध लावत बसलो होतो. पुढे एका ज्युनिअर डॉक्टरांनी माझ्यासमोर स्क्रीनवर ए ठिपका थोडासा, म्हणजे खरंच केसभर, पुढे सरकवला आणि आकडा बदलला. ए ठिपका हाडाच्या बाकात असतो, तिथे टोकदार असं काही नसतंच, त्यामुळे दोन माणसं तो थोडा इकडे तिकडे मांडतात. एखाद दुसऱ्या अंशाचा फरक आला तर दुर्लक्ष करा.

दुसरं कारण म्हणजे नेझियन. तो ठिपका काही जबड्यावर नाही, कपाळाच्या खाली आहे, आणि एखाद्याचा मुळातच पुढे असेल तर जबडे तेच असूनही एएनबी कमी येतो. मागे असेल तर जास्त. सेलाचा ठिपका चुकला तर मजा वेगळी, एसएनए आणि एसएनबी दोन्ही सारखेच हलतात आणि एएनबी आहे तिथेच राहतो. म्हणून रिपोर्ट बघताना एकच आकडा धरून बसू नका.

५. विट्स म्हणून एक आकडा आहे, तो मिलिमीटरमध्ये कसा काय?

एएनबीच्या ह्याच दुखण्यावर उपाय म्हणून तो आला, १९७५ मध्ये जेकबसन ह्यांनी मांडला, आणि नाव विटवॉटर्सरँड विद्यापीठावरून पडलंय. ह्यात नाकाचा ठिपका लागतच नाही. वरचे-खालचे दात जिथे मिळतात त्या पातळीवर एक रेघ मारतात, ए आणि बीपासून त्या रेघेवर सरळ लंब टाकतात आणि मधलं अंतर मोजतात. बायकांमध्ये साधारण ०, पुरुषांमध्ये उणे १. अर्थात दातांचीच पातळी तिरकी असेल तर हाही फसतो. एएनबी आणि विट्स एकच गोष्ट सांगत असतील तर बरं, भांडत असतील तर डॉक्टरांना का ते विचारा.

६. मला "हाय अँगल केस" म्हणाले. म्हणजे वाईट का?

वाईट नाही, प्रकार आहे. डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपासून कानाच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत एक रेघ, आणि खालच्या जबड्याच्या खालच्या कडेने दुसरी रेघ, ह्या दोघींतला कोन म्हणजे एफएमए. साधारण २५ अंश. तिशीच्या पुढे गेला की हाय अँगल, चेहरा लांबट, हनुवटी खाली आणि मागे गेल्यासारखी, हसताना हिरड्या जास्त दिसणं, ओपन बाइटकडे कल. विशीच्या खाली लो अँगल, चेहरा आखूड आणि चौकोनी, वरचे दात खालच्यांना झाकून टाकतात.

प्लॅनसाठी हा फरक एएनबीइतकाच मोठा आहे, कारण हाय अँगलवाल्याचा खालचा जबडा मागे दिसतो तो बऱ्याचदा आखूड असतो म्हणून नाही तर खाली फिरलेला असतो म्हणून. मग वरचा जबडा मागच्या बाजूने थोडा वर उचलला की खालचा आपोआप वर आणि पुढे फिरतो, दार बिजागरीवर फिरावं तसा.

७. फोनवर बाजूचा फोटो काढून अॅपमध्ये अँगल मोजला, चालेल का?

नाही चालणार. एस हा ठिपका कवटीच्या आत आहे, तो फोटोत येणार कुठून. शिवाय हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जे जवळ आहे ते फुगतं आणि जे लांब आहे ते बारकं दिसतं, म्हणजे नाक मोठं, कान आणि जबड्याचा कोपरा लहान. मान जरा वर केली की हनुवटी पुढे, खाली घातली की गायब. करून बघा, एकाच मिनिटात तुम्ही स्वतःचे तीन वेगळे चेहरे काढाल. फोटो काढायचाच तर दुसऱ्या कुणाला तरी दीड-दोन मीटर लांबून झूम करून काढायला सांगा, समोर लांब नजर ठेवून, दात मिटून, ओठ सैल सोडून. तो डॉक्टरांना दाखवायला उपयोगी, मोजायला नाही.

८. क्लास १, २, ३ आणि हे अँगल, एकच का?

नाही, म्हणूनच गोंधळ. क्लास हे दाढांवरून ठरतात, एडवर्ड अँगल ह्या माणसाने १८९९ मध्ये केलेली वर्गवारी (हो, आडनावच अँगल, त्याचा कोनाशी संबंध नाही, मलाही कळायला वेळ लागला). क्लास २ म्हणजे खालची पहिली मोठी दाढ वरच्या दाढेच्या मानाने जिथे हवी त्याच्या मागे, क्लास ३ म्हणजे पुढे. पण दाढ मागे आहे ह्याचा अर्थ जबडा मागे असेलच असं नाही, लहानपणी दुधाची दाढ लवकर पडून वरच्या दाढा पुढे सरकल्या तरी क्लास २ दिसतो. म्हणून डॉक्टर "डेंटल क्लास २" आणि "स्केलेटल क्लास २" असं वेगळं बोलतात. दाताचं दुखणं दाताने सुटतं, हाडाचं असेल तर प्रश्न ९.

९. नुसत्या ब्रेसेसने नाही का होणार?

हाडातला फरक थोडा किंवा मध्यम असेल तर होतं, त्याला कॅमोफ्लाज म्हणतात. म्हणजे जबडे आहेत तिथेच राहतात, दात वाकवून फरक झाकतात. वरचे पुढे असतील तर वरच्या दोन उपदाढा काढून पुढचे दात मागे घेतात. बाइट, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, छान बसते, बाजूचा चेहरा थोडाच बदलतो.

पण दात हाडाच्या बाहेर ढकलता येत नाहीत, मूळ उघडं पडतं, हिरडी उतरते. आणि एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, कारण कॅमोफ्लाजसाठी दात ज्या दिशेला नेतात, ऑपरेशनसाठी बरोबर उलट दिशेला न्यावे लागतात (प्रश्न १३). "आधी ब्रेसेस करून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन" हा प्लॅन ऐकायला समजूतदार वाटतो पण प्रत्यक्षात दोनदा ब्रेसेस होतात. माझं मत विचाराल तर दिसण्याचा फारसा त्रास नसेल आणि चावता येत असेल तर कॅमोफ्लाज अगदी सन्माननीय रस्ता आहे, त्याला कमी लेखणारे लोक जास्त भेटतात एवढंच.

१०. मुलगी ९ वर्षांची आहे, खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. मोठी होईपर्यंत थांबायचं का?

थांबू नका, दाखवा. वरचा जबडा मागे राहत असेल तर चेहऱ्यावर बाहेरून लावायचा फेस मास्क असतो, इलॅस्टिकने वरचा जबडा पुढे ओढतो, आणि तो साधारण दहा वर्षांच्या आत जास्त चांगलं काम करतो. खालचा मागे असणाऱ्या मुलांना ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं अप्लायन्स देतात, ते वयात येताना उंची झपाट्याने वाढते त्या काळात. ह्याने पुढचं ऑपरेशन टळेलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा सावध राहा, विशेषतः घरात आई-वडिलांपैकी कुणाचा खालचा जबडा मोठा असेल तर, कारण ती वाढ पुढे परत डोकं वर काढते.

११. ऑपरेशन कुठल्या वयात करतात?

वाढ थांबल्यावर. मुलींमध्ये साधारण सोळा-सतराच्या पुढे, मुलांमध्ये अठराच्या पुढे, आणि खालचा जबडा पुढे असलेल्यांना अजून थांबवतात, कारण चेहऱ्यात सगळ्यात शेवटपर्यंत वाढत राहतो तो खालचा जबडाच. वय हा अंदाज झाला, खात्री करायला सहा महिने ते वर्षाच्या अंतराने दोन सेफॅलोग्राम काढून एकावर एक ठेवून बघतात, हललं नाही तर वाढ थांबली. वरची मर्यादा अशी नाही, चाळिशी-पन्नाशीतही होतं, फक्त बधिरपणा जास्त राहण्याची शक्यता वाढते (प्रश्न १६). श्वास रात्री बंद पडण्यासारखं गंभीर काही असेल तर वाढ संपायची वाट न बघताही करतात.

१२. जीभ टाळूला लावून ठेवली किंवा कडक च्युइंगम चावलं तर जबडा पुढे येतो का?

मोठ्या माणसात नाही. च्युइंगमने चावायचा स्नायू फुगतो, त्याने चेहरा खालून रुंद दिसेल, हाड आहे तिथेच. आणि ज्यांच्या जबड्याच्या सांध्यात आधीच कटकट आहे त्यांनी तर हे करूच नये.

१३. आधी ब्रेसेस लावून वर्षभर थांबायचं कशाला? आणि लावल्यावर माझी बाइट उलट जास्त बिघडलीय!

हा मेसेज नेहमी घाबरलेला असतो. बिघडवतायत ते मुद्दाम. खालचा जबडा पुढे असला की शरीर आपलं आपण ॲडजस्ट करतं, वरचे दात पुढे झुकतात, खालचे आत वाकतात, कसंतरी एकमेकांना भेटायचा प्रयत्न करतात. आता ह्या वाकलेल्या दातांवर जबडा बसवला तर तो अर्ध्यातच अडतो. म्हणून आधी दात आपापल्या हाडावर सरळ उभे करतात, त्याला डीकॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि मग खरा फरक उघडा पडतो. साधारण वर्ष-दीड वर्ष, ऑपरेशननंतर परत सहा महिने ते वर्ष. शेवटचे दोन-तीन महिने मी फोटोत तोंड मिटूनच असायचो, कारण चेहरा खरंच आधीपेक्षा वाईट दिसत होता.

आधी ऑपरेशन मग ब्रेसेस अशीही पद्धत आहे, सर्जरी फर्स्ट. चेहरा लगेच बदलतो, एकूण वेळही वाचू शकतो, पण दात फार वेडेवाकडे नसतील आणि जबडे जुळवल्यावर निदान काही दातांवर बाइट टेकणार असेल तरच. अलायनरवरही (ब्रेसेसऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक ट्रे) तयारी होते, ऑपरेशनच्या वेळी मात्र काहीतरी धरायला लागतं, मग बटणं चिकटवतात किंवा हाडात छोटे स्क्रू बसवतात.

१४. ऑपरेशनमध्ये नक्की करतात काय? चेहऱ्यावर व्रण राहतो का?

काम जवळजवळ सगळं तोंडाच्या आतून होतं, त्यामुळे बाहेर व्रण सहसा नसतो. कधीतरी मागचा स्क्रू बसवायला गालावर अगदी बारीक छेद देतात.

वरच्या जबड्याचं ऑपरेशन म्हणजे ले फोर्ट १. हे नाव रेने ले फोर्ट ह्या फ्रेंच सर्जनचं, त्याने १९०१ मध्ये चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर तुटतात ते लिहून ठेवलं, आणि त्यातल्याच सगळ्यात खालच्या रेषेवर आता सर्जन मुद्दाम कापतात. दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या तळाच्या जरा वरून आडवा काप, की दातांसकट अख्खा वरचा जबडा सुटा होतो, पण टाळूच्या आणि मागच्या मऊ भागाला जोडलेलाच असतो आणि तिथूनच त्याला रक्त मिळत राहतं. मग पुढे, वर, खाली, तिरका, हवा तिथे नेऊन टायटॅनियमच्या प्लेटने बसवतात.

खालच्याचं नाव बीएसएसओ. ट्राउनर आणि ओब्वेगेझर ह्यांनी १९५७ मध्ये मांडलेलं, १९६१ मध्ये दाल पाँटने त्यात बदल केला, आज होतं ते ह्याचंच सुधारलेलं रूप. शेवटच्या दाढेच्या मागे हाड उभं चिरतात, पण आरपार दोन तुकडे नाही, पापुद्रे सुटावेत तसे आतला आणि बाहेरचा असे दोन पातळ भाग. सांध्याकडचा भाग जागेवर राहतो, दातांचा भाग त्यावरून पुढे किंवा मागे सरकतो, आणि दोन्हींचा हाडाला हाड लागणारा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे नीट जुळून येतं. अक्कलदाढ मध्ये येत असेल तर बरेच सर्जन ती सहा महिने आधीच काढायला लावतात.

हनुवटीचं वेगळं, जिनिओप्लास्टी, फक्त खालचं टोक कापून सरकवतात, चावण्यावर काही परिणाम नाही. दोन्ही जबडे असतील तर आधी एक बसवतात, मध्ये प्लास्टिकचं स्प्लिंट ठेवून दुसरा त्याला जुळवतात. पूर्ण भूल असते, दोन जबड्यांना तीन ते पाच तास सहज जातात.

१५. तोंड तारेने बांधून ठेवतात का? पहिले दिवस कसे जातात?

पूर्वी सहा आठवडे बांधायचे. आता हाड प्लेट आणि स्क्रूवर असतं, त्यामुळे बहुतेकांना फक्त इलॅस्टिक असतात आणि ती जबड्याला दिशा दाखवायला. तरीही तार बांधलीच तर घरी तार कापायची कात्री द्यायला सांगा आणि ती कुठे ठेवलीय ते घरच्यांना माहीत असू द्या.

पहिली रात्र खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा चोंदण्याची असते. नाक रक्ताने आणि सुजेने बंद, तोंड इलॅस्टिकने अर्धवट मिटलेलं, पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचं, आणि दर थोड्या वेळाने वाटतं की श्वास पुरणार नाही. पुरतो. दातांमधून आणि गालाच्या बाजूने हवा येते, नर्सने मला ते आरशात दाखवलं तेव्हा मी शांत झालो. वरचा जबडा केला असेल तर दोनेक आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. दोन-तीन आठवड्यांत ओळखू येण्याइतके होता, उरलेली बारीक सूज सहा महिने, कधी वर्षभर उतरत राहते. तोपर्यंत "हाच माझा चेहरा का" हा विचार करू नका, आणि दुसऱ्या आठवड्यात उगाच रडायला येतं ते बऱ्याच जणांना येतं, औषधं, कमी खाणं, कमी झोप, आणि आरशात अनोळखी माणूस.

खाणं आधी सगळं पातळ. सिरिंजच्या टोकाला मऊ नळी लावून गालाच्या आतून सोडायचं, चमचा वगैरे विसरा. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, चावणं साधारण सहा आठवड्यांनंतर हळूहळू, तेही सर्जन म्हणतील तेव्हाच. वजन काही किलो उतरतंच. सिगारेट ओढत असाल तर काही आठवडे आधीपासून पूर्ण बंद, हाड आणि जखम दोन्ही तिथेच अडतात.

१६. खालचा ओठ बधिर होतो म्हणतात, कायमचा?

खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातून जाते, अगदी ज्या भागात हाड चिरतात त्याच्या मधून. ताण बसतोच. त्यामुळे सुरुवातीला बधिरपणा जवळजवळ सगळ्यांना असतो, मग मुंग्या, टोचणं, खाज, आणि महिन्यामहिन्यांनी परत येतं. वर्षभरानंतरही काही जणांना कुठेतरी ठिगळासारखा भाग वेगळा लागत राहतो, आणि तो कायम राहू शकतो. माझ्या हनुवटीच्या डाव्या बाजूला एक रुपयाएवढा भाग आहे, पाण्याचा थेंब ओघळला तर समजत नाही, समोरच्याने खूण केली की पुसतो. ओठ हलण्यावर ह्याचा परिणाम नसतो, हलवणारी नस वेगळी, तिला इजा होणं अगदी क्वचित. सही करण्याआधी हा मुद्दा पूर्ण समजून घ्या, बाकी धोक्यांपेक्षा हा जास्त लोकांच्या वाट्याला येतो.

१७. प्लेट्स आत राहून काही होत नाही ना? एमआरआय, विमानतळ?

टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, एमआरआय होतो, आधी सांगायचं फक्त, जवळच्या भागाचं चित्र थोडं बिघडतं. विमानतळावर सहसा काही वाजत नाही. प्लेट त्रास दिला तरच काढतात, म्हणजे जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं किंवा हाताला टोचणं.

१८. केलेलं परत मागे जातं का?

थोडं जाऊ शकतं, आणि किती ते कुठल्या दिशेला हलवलंय त्यावर आहे. वरचा जबडा वर उचलणं सगळ्यात टिकाऊ. खालचा पुढे आणणंही चांगलं टिकतं, फार लांब आणला नसेल आणि चेहरा फार लांबट नसेल तर. वरचा जबडा खाली आणणं आणि खालचा मागे ढकलणं जरा लहरी, आणि सगळ्यात बेभरवशाचं म्हणजे वरचा जबडा कापून रुंद करणं. रिटेनर (ब्रेसेस काढल्यावर दात जागेवर ठेवायला घालायचं ते) न लावता दात हलले तर त्याला जबड्याचं ऑपरेशन फसलं म्हणू नका, ते आपलंच आळशीपण.

१९. नाक बदलतं का?

वरचा जबडा पुढे किंवा वर घेतला की नाकपुड्या पसरायची आणि टोक थोडं वर व्हायची शक्यता असते. पसरू नये म्हणून सर्जन आतून एक टाका घेऊन नाकाचा तळ आवळतात. नाकाचं ऑपरेशन मनात असेल तर आधी जबडा, मग नाक.

२०. घोरणं थांबेल का?

दोन्ही जबडे पुढे आणले की जिभेमागची आणि टाळूमागची जागा मोकळी होते, आणि झोपेत श्वास बंद पडण्याच्या आजारावर हे खरंच परिणामकारक ऑपरेशन आहे. उलट खालचा जबडा बराच मागे ढकलला तर ती जागा अरुंद होऊ शकते. म्हणून क्लास ३ वाल्यांना हल्ली नुसता खालचा मागे न घेता वरचा पुढे घेऊन फरक वाटून घेतात. घोरत असाल, दिवसा पेंगत असाल तर प्लॅन ठरण्याआधी सांगा, स्लीप स्टडी आधी व्हायला हवी.

२१. कानापाशी टकटक वाजतं, ऑपरेशनने जाईल?

कुणाचं जातं, कुणाचं तसंच राहतं, कुणाचं नव्याने सुरू होतं. फक्त त्यासाठी ऑपरेशन करू नका. पण टकटकीबरोबर बाइट महिन्यामहिन्याला उघडत चालली असेल, हनुवटी मागे जात असेल तर प्रकार वेगळा, सांध्याचं हाड झिजत असू शकतं. हे तरुण मुलींमध्ये, त्यातही हाय अँगल असलेल्यांत जास्त दिसतं, आणि ते थांबल्याची खात्री होईपर्यंत सर्जन हात लावत नाहीत, लावला तर केलेलं वाहून जातं.

२२. सगळे आकडे नॉर्मल आहेत, तरी चेहरा वाकडा दिसतो. मला भास होतोय का?

बाजूच्या एक्स-रेत डावं-उजवं एकमेकांवर येतं, त्यामुळे वाकडेपणा आणि अरुंदपणा तिथे दिसतच नाही. समोरून काढलेला एक्स-रे किंवा सीबीसीटी, म्हणजे जबड्यांचा थ्रीडी स्कॅन, लागतो. थोडा वाकडेपणा सगळ्यांच्याच चेहऱ्यात असतो, पण तो वाढत असेल, जुन्या फोटोत नव्हता आणि आता हनुवटी एका बाजूला सरकत चाललीय, तर एका बाजूच्या सांध्याची वाढ चालूच असू शकते, ती बघायला हाडांचा स्कॅन करतात.

आणि कधीकधी खरंच भास असतो. दिवसातून तीस वेळा आरसा, चार डॉक्टर, चौघांनी नाही म्हटलं तरी पाचवा शोधताय, तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, असा त्रास असणाऱ्याला ऑपरेशनने समाधान मिळत नाही, फक्त शोधायला नवीन जागा मिळते.

२३. लहानपणी फाटलेल्या टाळूचं ऑपरेशन झालंय, आता वरचा जबडा मागे आहे. माझंही असंच होतं का?

होतं, पण नियम थोडे बदलतात. जुन्या व्रणामुळे वरचा जबडा पुढे यायला ताणून धरतो, परत मागे जायचा कल जास्त, म्हणून फरक मोठा असेल तर एकदम न हलवता डिस्ट्रॅक्शन करतात, काप देऊन एक यंत्र बसवायचं आणि रोज साधारण १ मिलिमीटर पुढे न्यायचं, मागे नवीन हाड भरत जातं. बोलण्याची तपासणी आधी नक्की करा, टाळू पुढे गेला की नाकातून हवा सुटून उच्चार बिघडू शकतात.

२४. वय ३८, आधी बाइट व्यवस्थित होती, गेल्या काही वर्षांत खालचे दात पुढे यायला लागलेत. एएनबी कमी झालाय. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाऊ की सर्जनकडे?

आधी फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनचे डॉक्टर). ह्या वयात खालचा जबडा आपणहून वाढत नाही. वाढत असेल तर पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे ग्रोथ हॉर्मोन जास्त होत असू शकतं, ॲक्रोमेगली म्हणतात त्याला, आणि त्याची पहिली शंका कधीकधी डेंटिस्टलाच येते. गंमत म्हणजे ती ग्रंथी बसते त्याच खळग्यात जिथे एसचा ठिपका मांडतात, त्यामुळे सेफॅलोग्राममध्ये तो खळगा मोठा झालेला दिसू शकतो, पण नुसत्या त्यावर अवलंबून राहू नका, आयजीएफ-१ ही रक्ताची तपासणी लागते. दातांमध्ये फटी पडल्यात का, बोटातली अंगठी घट्ट झालीय का, चपलेचा नंबर वाढलाय का, तेही बघा आणि जाताना डॉक्टरांना सांगा, दहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो बरोबर न्या.